ताप येऊ देऊ नका

सुगतला ताप आला की ते आधी उशीला कळायचं. आई सकाळी त्याला उठवायला वाकायची आणि कपाळाला हात लावण्याआधी तिची नजर उशीवर जायची. अभ्र्यावर बारीक, तुटके, मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे पिवळट केस पसरलेले दिसले की ती तिथेच फतकल मारून बसायची. मग हळूहळू एकेक केस वेचून पदराच्या टोकात गोळा करायची. ते केस ती पुढे कुठे टाकायची हे मी तिला कधी विचारलं नाही. सुगत माझा धाकटा भाऊ. आम्हा दोघांत इतकं अंतर होतं की गल्लीतल्या नवीन बायका त्याला माझ्या कडेवर बघून भलतेच प्रश्न विचारायच्या आणि मी त्यांच्यावर खेकसायचे. मी लहानपणापासूनच खेकसणारी. माझी लेक म्हणते, अजूनही फारसा फरक पडलेला नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला आमची खोली होती. खाली शहाबादी फरशी, वर पत्रे, आणि पत्र्यांच्या वर विमानं. विमानं इतकी खालून जायची की बोलताना वाक्य मध्येच तोडावं लागायचं. विमान पुढे सरकलं की तोडलेलं वाक्य तिथूनच उचलायचं. आईपप्पांची भांडणंसुद्धा अशीच हप्त्याहप्त्याने व्हायची आणि कित्येकदा विमान जाईपर्यंत दोघंही कशावरून भांडत होते ते विसरायचे. आता मी मुलुंडला राहते, इथे डोक्यावर काही नसतं, तरी बोलताना मी मध्येच थांबते असं लोक सांगतात. पप्पा बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होते. तिथूनच झाकणांची पोती घरी यायची. झाकणांच्या कडेला प्लास्टिकचा जादा पापुद्रा राहतो, तो ब्लेडने खरवडून काढायचं काम आई करायची. दिवसभर खर्र खर्र असा आवाज घरात चालू असायचा. तो थांबला की समजायचं, एकतर चुलीवर, म्हणजे स्टोव्हवर, काहीतरी आहे किंवा सुगतला काहीतरी झालं आहे. जेवण गावाकडचंच: ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी, कधी वरणफळं. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की पप्पा स्वतः मटण आणायला जायचे आणि कितीही कमी आणलं तरी रस्सा मात्र पातेलंभर व्हायचा. सुगतला त्यातलं काही नको असायचं. त्याला दूध-भाकरीचा काला, तोही कोणीतरी हाताने कुस्करलेला.

आई पप्पांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे मुलगी आत्याच्या घरी दिली म्हणजे ती परक्या घरी गेलीच नाही असं मानतात. दोघं बुलढाण्याकडच्या एकाच शेतात चिंचा पाडत मोठे झाले आणि लग्न ठरलं तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही, दोघांनाही नाही. सुगत जन्मला तेव्हा त्याच्या अंगावर एक चकचकीत, ताणलेला पापुद्रा होता. दवाखान्यातल्या नर्सने तो बघून डॉक्टरला हाक मारली. काही दिवसांनी तो पापुद्रा सोलून निघाला, खालून साधी, जराशी खवल्यांची कातडी आली आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जावळ काढायच्या वेळी मामा गावाहून कपडे, खोबरं, नवा टॉवेल असं सगळं घेऊन आला. देवधर्माच्या गोष्टींना पप्पांचा सक्त विरोध असे, पण जावळाला त्यांनी हरकत घेतली नाही. केस कापायला देव कशाला लागतो, म्हणाले. मामाने सुगतला मांडीवर घेतलं, न्हाव्याने डोक्यावरून बोटं फिरवली आणि वस्तरा तसाच धरून तो मामाच्या तोंडाकडे बघत राहिला. हाताला लागेल असं डोक्यावर काही नव्हतंच. बोट फिरलं तिथले चार केस मोडून बोटाला चिकटले. मामा हसला, न्हाव्याला ठरलेले पैसे दिले आणि आईने सुगतच्या डोक्यावर टोपडं चढवलं. ते टोपडं पुढे कितीतरी दिवस उतरलं नाही.

बाकी पोरगा गोड होता. उंची वाढेना, नखं चिरफळायची, उन्हात जरा नेला की गाल लाल व्हायचे, बोलायला उशीर, पण माणसांचं वेड म्हणजे वेड. उंबऱ्यात बसून तो कारखान्यातून सुटणाऱ्या माणसांना हाका मारायचा. कोणाचं नाव काय, कोणाच्या डब्यात काल काय होतं, सगळं त्याला पाठ. पहिली पाळी सुटली की आमच्या दारात जत्रा भरायची. धिप्पाड धिप्पाड गडी त्याच्यापुढे उकिडवे बसून त्याचं बोबडं ऐकत आणि मी अभ्यासाच्या नावाखाली आतून ओरडत असे की इथे माणसं राहतात, स्टेशन नाही.

पहिला मोठा ताप आला तेव्हा तो तीन-एक वर्षांचा असेल. आईने तेच केलं जे तिच्या आईने केलं असतं आणि गल्लीतल्या कुठल्याही बाईने केलं असतं. माळ्यावरून गोधडी काढली, सुगतला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळला, दार लोटून घेतलं, तव्यावर ओवा गरम करून छातीला शेक दिला. ताप घामावाटे बाहेर काढायचा असतो, त्याला वारा लागू द्यायचा नसतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. वर पत्रे तापलेले, आत स्टोव्ह पेटलेला, आणि त्या भट्टीत आई त्याला मांडीवर घेऊन बसलेली, स्वतःही घामाने निथळत. दोन दिवसांनी ताप उतरला. आईने आनंदाने गोधडी बाजूला केली आणि सुगतचं डोकं उघडं पडलं. एक केस नव्हता. सगळे गोधडीला आतून चिकटलेले.

समोरच्या परब काकू धावत आल्या. त्या मालवणच्या, मनाने फार चांगल्या, पण कुठल्याही गोष्टीचं निदान त्यांच्याकडे तयार असायचं. "ह्यां साधा नाय गो," त्या आईला म्हणाल्या, "देवीचो कोप आसा ह्यो. तिची ओटी भर आधी." पप्पा तेवढ्यात पाळी संपवून आले होते. आमच्यात देवी नसते काकू, एवढंच ते म्हणाले आणि डबा धुवायला मोरीत गेले. आई मात्र त्या रात्री जेवली नाही. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं आणि मला तिचा राग येत होता. आज येत नाही. पोराच्या डोक्याचे केस गोधडीत राहिले, तर आईने कुठल्या दारात जाऊ नये हे सांगणारे आपण कोण? केस काही महिन्यांनी परत आले, तसेच आखूड, तुटके. पुढच्या तापात पुन्हा गेले. गल्लीतला डॉक्टर टॉनिक देत राहिला. शेवटी तोच कंटाळून म्हणाला, मोठ्या इस्पितळात दाखवा, हे माझ्या बसची बात नाही.

मोठ्या इस्पितळात आम्ही किती खेटे घातले त्याचा हिशेब नको. पण एक दिवस लख्ख आठवतो. पप्पांनी सुट्टी टाकली होती, माझी शाळा बुडवली होती कारण सुगत माझ्याशिवाय अनोळखी माणसापुढे गप्प बसत नसे. म्हणजे रडत नसे, उलट इतका बोलत असे की डॉक्टरांना कामच करू देत नसे. कातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी त्याचे दोन-चार केस कापून काचेच्या पट्टीवर ठेवले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, वरची एक काच फिरवली आणि एकदम उठून बाजूच्या खोलीतून शिकाऊ डॉक्टरांना बोलावून आणलं. सगळे एकामागून एक वाकून बघू लागले. त्यांच्या चेहऱ्यांवर आनंद होता, खोटं कशाला सांगू. मग बाई मला म्हणाल्या, "बघायचंय तुला?" मी डोळा लावला. काळोखात एक केस आडवा पडला होता आणि त्याच्यावर उजळ, काळा, उजळ, काळा असे पट्टे, एकाआड एक. इतकं देखणं काही आमच्या घरातल्या माणसाच्या अंगावर असेल असं मला वाटलं नव्हतं. याला आम्ही वाघाची शेपटी म्हणतो, बाई म्हणाल्या. झालं. सुगतला तेवढंच कळलं. घरी जाईपर्यंत बसमधल्या प्रत्येकाला त्याने आपण वाघ असल्याचं सांगितलं.

पण त्याआधी बाईंनी आईपप्पांना समोर बसवलं होतं. तुम्ही दोघं एकमेकांचे कोण लागता, असं विचारलं. पप्पांनी सरळ, काहीसं अभिमानानेच सांगितलं की सख्ख्या मामाची मुलगी आहे. मग बाईंनी समजावलं की दोष दोघांच्या रक्तात असतो, एकेकटा असतो तोवर काही करत नाही, माणूस ठणठणीत जगतो. एकाच घरातून आलेले तसे दोन दोष पोराच्या वाट्याला एकत्र आले की असं होतं. आईने एवढा वेळ मान वर केली नव्हती. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या एकटीमुळे नाही?" बाई म्हणाल्या, "नाही. दोघांकडून सारखंच." आई पप्पांकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिला कोण कोण काय काय बोललं होतं, ते सगळं त्या बघण्यात होतं. पप्पा फरशीकडे बघत होते. त्यांनी तिला कधी दोष दिला नव्हता, पण दुसरे देत असताना त्यांनी कधी थांबवलंही नव्हतं.

मग पप्पांनी औषध विचारलं. औषध नाही, बाईंनी स्वच्छ सांगितलं. ताप चढला की याच्या अंगात आतलं कामकाज बिघडतं, केस जातात ते फक्त आपल्याला वरून दिसतं, आत काय काय जात असेल ते सांगता येत नाही. "ताप येऊ देऊ नका," त्या म्हणाल्या.

"कसा?" आईने विचारलं.

या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं आणि ते त्यांनी लपवलं नाही, म्हणून मला त्या बाईंबद्दल आजही आदर आहे. गर्दीत नेऊ नका, उन्हात नेऊ नका, खोकणाऱ्या माणसाजवळ नेऊ नका, ताप आलाच तर ताबडतोब उतरवा, कपडे काढा, साध्या पाण्याने अंग पुसत राहा, पांघरूण अजिबात घालू नका, असं त्या सांगत गेल्या. पांघरूण म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. आम्ही तर गोधडीत घालत होतो, ती म्हणाली. सगळेच घालतात, बाई म्हणाल्या आणि पुढचा पेशंट आत आला.

त्या दिवशी जे अर्धं कळलं ते पुरतं कळायला मला आजी व्हायची वेळ यावी लागली. माझ्या लेकीला दिवस राहायच्या आधी मी हट्ट धरून तिची आणि माझी तपासणी करून घेतली. तिथे समुपदेशन करणारी एक मुलगी होती, तिने कागदावर चित्र काढून दाखवलं. प्रत्येक पेशीत पीळ घातलेल्या दुहेरी दोरीसारखी माहिती असते म्हणे. ती वाचून तिची नक्कल उतरवायची तर आधी सुरुवातीच्या ठिकाणी पीळ उकलावा लागतो. ते उकलायचं काम आठ-दहा प्रथिनांची एक टोळी मिळून करते. टोळीतल्या एका गड्याचं जनुक म्हणजे ईआरसीसी-टू. हा गडी ढिला निघाला की टोळी एकत्र टिकत नाही, नक्कल उतरवायला सुरुवातच धड होत नाही, आणि केसांना तर शेवटच्या घटकेपर्यंत भराभर नकला लागतात. काही घरांतला बिघाड असा की अंग तापलं की तो गडी साफ कोलमडतो. त्याच जनुकात जरा दुसरीकडे बिघाड झाला तर केस चांगले राहतात पण उन्हाने कातडीला कॅन्सर होतो. मी विचारलं, एवढं कळलंय तर औषध निघालं असेल. ती पोर माझ्या लेकीपेक्षाही लहान. कागदावरच्या दोरीला उगाच पेन्सिलीने गिरवत बसली. अजून नाही, म्हणाली. मला तिचं वाईट वाटलं. सगळं कळतं आणि करता काही येत नाही, हे आमच्या घरात मी आधीच पाहून झाले होते. माझ्या अंगात तो दोष एकेरी आहे. लेकीत नाही.

इस्पितळातून आल्यावर आमच्या घरात पाऱ्याचं राज्य सुरू झालं. पप्पांनी काचेचा थर्मामीटर आणला आणि तो भिंतीवरच्या फोटोशेजारी खिळ्याला टांगला. ते मशीनवरचे असल्याने त्यांना बाईंचं बोलणं आपल्या परीने पटलं होतं: काटा ठरलेल्या जागेच्या वर गेला की आतला माल करपतो. उन्हाळ्यात ते पत्र्यावर गोणपाट अंथरून पाणी मारायचे आणि नळाला पाणी नसलं की हताश होऊन कोरड्या गोणपाटाकडे बघत उभे राहायचे. लग्नं बंद झाली, जयंतीची मिरवणूक बंद झाली. गल्लीत कोणाचं पोर खोकलं की आई दार लावून घ्यायची आणि सुगत दारावर थापा मारत बाहेरच्यांना नावाने हाका मारायचा. ते ऐकवत नसे. घरात वावरायला जागा नाही, शेजारी भिंतीला भिंत लावून, समोर गटार, वर पत्रे, आणि आम्ही ताप येऊ देणार नव्हतो! मला त्या काळात देव मानणाऱ्यांचा हेवा वाटायचा. त्यांना निदान कोणावर तरी रागावता येत होतं.

तरीही ताप आलाच. त्या दिवशी दुपारी पारा बघता बघता चढला. आईने सुगतचे कपडे काढले, पातेल्यात पाणी घेतलं, फडकं भिजवलं आणि तशीच थांबली. परब काकू दारात उभ्या राहून तळमळत होत्या. "पोराक थंड पाण्यान पुसतंस? वाताचो झटको येतलो त्येका," त्या म्हणत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आईने फडकं माझ्या हातात दिलं. "तू पूस गं," ती म्हणाली, "माझा हात धजत नाही."

मी पुसायला घेतलं. मान, काखा, पाठ, जांघा, पुन्हा मान. अंग इतकं तापलेलं की फडकं टेकवल्याबरोबर कोमट व्हायचं. सुगत थडथड उडत होता, दात वाजत होते. आधी तो मला मारत होता, मग मारायचा थांबला आणि विनवायला लागला. "ताई, नको ना. गोधडी दे ना. ताई, थोडीशी दे." त्याने असं कधीच कोणाला विनवलं नव्हतं. आई उठून बाहेर गेली आणि भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबून उभी राहिली. मी पुसत राहिले. आजही कोणी थंडीने कुडकुडताना दिसलं की मला त्या माणसाचा रागच येतो. असा राग येणं शहाणपणाचं नाही हे कळतं, पण येतो. अंधार पडायच्या आत पारा खाली आला. दुसऱ्या दिवशी उशीवर केस होते, पण थोडे. डोक्यावर बरेच राहिले होते. आईने ते बघितले आणि ती हसत सुटली, परब काकूंना ओढत घरात आणून सुगतचं डोकं दाखवलं. मग काकूच फडकं घेऊन कसं पुसायचं ते विचारू लागल्या.

आम्ही जिंकलो होतो असं आम्हाला वाटलं. त्यानंतरही दोनदा तसंच केलं आणि दोन्हीदा पारा हटला. दिवसातून कितीतरी वेळा थर्मामीटर लावायचा आणि रेघ बघून श्वास सोडायचा, एवढंच आमचं शास्त्र आणि त्यावर आमचा पूर्ण भरवसा. सुगतलाही त्याचा नाद लागला. दारात बसून तो पाळीवरून सुटलेल्या गड्यांच्या काखेत थर्मामीटर खुपसायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि सगळ्यांना "ताप नाय, जा" असं सोडून द्यायचा. गडी खरंच हात जोडून जायचे. त्याचे केस हळूहळू कानापर्यंत आले. टोपडं सुटलं. त्याचं शाळेत जायचं वय झालं होतं, पण शाळा म्हणजे गर्दी, म्हणून आई त्याला घरीच मुळाक्षरं गिरवायला बसवायची. झाकणांच्या रांगा लावून तो 'ग' काढायचा, सुगतमधला.

मग एक थंडी आली. मरोळला थंडी ती केवढी, पण त्या आठवड्यात सकाळी तोंडातून वाफ निघत होती असं पप्पा म्हणायचे. सुगतला आदल्या दिवसापासून बारीक खोकला होता. काला खाल्ला नाही. सकाळी तो उंबऱ्यात जाऊन बसला नाही, अंथरुणातच पडून राहिला. आईने आधी थर्मामीटर लावला. पारा रोजच्या रेघेपर्यंतसुद्धा चढला नाही. तिने तो झटकला, पुन्हा लावला. तेच. पप्पा चपला घालत होते. त्यांनी दारातून विचारलं, आहे का? नाही, आई म्हणाली. मग ठीक आहे, म्हणून ते पाळीवर गेले. मीही शाळेत गेले.

मधल्या वेळात काय झालं ते आईनेच नंतर सांगितलं. सुगत थंडी वाजते म्हणाला. तिने पुन्हा पारा बघितला आणि ताप नाही म्हटल्यावर माळ्यावर चढून गोधडी काढली. कितीतरी दिवसांनी तिला ती त्याच्या अंगावर घालता येत होती. त्याने गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि तो तिच्याकडे बघून हसला. मग ती त्याच्याशेजारी झाकणं घेऊन बसली. त्याला छान झोप लागली असं तिला वाटलं.

मी दुपारी घरी आले तेव्हा खर्र खर्र आवाज चालू होता, म्हणून मी निश्चिंत मनाने दप्तर टाकलं. सुगतजवळ जाऊन बसले आणि त्याच्या श्वासाकडे लक्ष गेलं. गोधडी भराभर खालीवर होत होती. मी त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. ओठ जांभळे पडले होते. मी हाक मारली तर त्याने डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. आई म्हणत होती, अगं ताप नाही त्याला, ताप नाही. परब काकूंनी रिक्षा थांबवली. आई त्याला मांडीवर घेऊन बसली, मी शेजारी. सिग्नलला विमानाचा आवाज आला आणि एरवी विमान बघायला उसळणारा तो हलला नाही.

इस्पितळात त्याला आत घेतलं, नाकाला नळी लावली. पप्पा कारखान्याच्या कपड्यांतच आले. दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. न्यूमोनिया, दोन्ही फुप्फुसं भरली होती, असं तिथल्या डॉक्टरने सांगितलं. आम्हाला ओळखणाऱ्या बाई कधीच बदलून गेल्या होत्या. आई त्या डॉक्टरच्या पुढ्यात उभी राहून एकच सांगत होती, "पण ताप नव्हता. तीनदा बघितला मी. ताप नव्हता." डॉक्टर थकलेला होता, पण बरा माणूस होता. त्याने तिचं बोलणं तोडलं नाही. ती थांबल्यावर हळू आवाजात म्हणाला की फार अशक्त पोरांना असं होतं. ताप आणायलासुद्धा अंगात ताकद लागते. ती संपली की अंग उलट गार पडतं.

पप्पांनी विचारलं, "हे आम्हाला कोणी का नाही सांगितलं?"

डॉक्टरने काय सांगावं? ज्या बाईंनी सांगितलं होतं, त्यांनी खरंच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं होतं, तेही खरंच. कोणाची कॉलर धरावी असं कोणी त्या आवारात नव्हतं. मी पप्पांना रडताना पाहिलं ते त्या दिवशी, जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी आणलं. पांढऱ्या कापडात ठेवला. गल्ली भरून गेली, पाळीचे गडी कारखाना सोडून आले, मामा गावाहून पोचला. भंतेजी येईपर्यंत सगळे खाली बसून होते, वरून विमानं जात होती आणि बायकांचं रडणं मध्येच ऐकू येईनासं होत होतं. मामा वाकून त्याचं तोंड बघत राहिला. केवढे केस आले होते याला, तो म्हणाला, मला माहीतच नव्हतं. आणि खरंच, एवढ्या आजारपणात या वेळी त्याचा एक केस गेला नव्हता. उशी साफ होती.

आई रडत नव्हती. ती त्याच्या डोक्याशी बसून केसांतून हात फिरवत होती, जपून, मोडणार नाहीत असा. पप्पा तिच्या शेजारी जाऊन बसले. मग त्यांच्याकडे न बघताच म्हणाली, "काल सकाळी हात लावला तर गार लागला. मला इतकं बरं वाटलं हो."